सुटलं पाहिजे अन् बसलंही पाहिजे

या अंकात कुणी मैत्रीवर लिहील, कुणी कॅम्पस इंटरव्ह्यूवर. दोन-तीन कविता पावसावर असतीलच! मी लिहिणार आहे मेसमधल्या भाजी चिरायच्या गाड्यावर, म्हणजे त्यावरच्या लाकडी फळीवर. हसू नका. रोजची दोन्ही वेळची भाजी त्या फळीवरून आपल्या ताटात येते, आणि ती चिरणाऱ्या मावशींच्या डाव्या हाताच्या बोटाला आठवड्यातले चार दिवस चिंधी बांधलेली असते. ती कशामुळे, हे मेसच्या रांगेत ताट घेऊन उभ्या असलेल्या किती मेकॅनिकलवाल्यांनी विचारलं?

प्रकार असा आहे. अँगलचा गाडा, खाली चार चाकं, वर जाड लाकडी फळी. आधी ती नुसतीच ठेवलेली होती. कोबीवर सुरी दाबली की फळी सरकायची आणि सुरी बोटावर. मग कंत्राटदारानं सहा स्क्रू मारून ती कायमची बसवली. आता सरकत नाही, पण निघतही नाही. वरून फडकं मारलं की झाली स्वच्छता. फळी आणि अँगलच्या फटीत कांद्याचं पाणी, टोमॅटोच्या बिया, काय काय मुरतंय ते खाली वाकून एकदा बघा. जेवणाच्या आधी नको, नंतर बघा. बरं, स्क्रू मारूनही प्रश्न मिटला नाही. पावसाळ्यात फळी फुगली, उन्हाळ्यात तडकली, आणि आता तिचा मधला भाग पोट आल्यासारखा वर आलाय. त्या उंचवट्यावर कांदा गोल फिरतो. चिंधी आहे तिथेच आहे.

मी केजचा. आमच्याकडे बसस्टँडच्या आसपास भज्या-वड्याचे हातगाडे लागतात. त्यातल्या एका गाड्यावरच्या काकांना मी दिवाळीच्या सुट्टीत हाच प्रश्न विचारला. ते मिरच्या चिरत होते, आणि त्यांची फळी तसूभरही हलत नव्हती. म्हणाले, "पोरा, धुवायचं म्हनलं तर सुटलं पायजे, अन् कापायचं म्हनलं तर बसलं पायजे. यवढंच." आणि त्यांनी एका हातानं फळी सरळ वर उचलून दाखवली. खाली गाड्याच्या पाट्यात दोन लाकडी खुंट्या, फळीच्या पोटात दोन भोकं. खिळा नाही, स्क्रू नाही. डिझाईनच्या पुस्तकात ज्याला स्पेसिफिकेशन म्हणतात ते त्या एका वाक्यात आलं, आणि सोल्यूशन माझ्या डोळ्यासमोर होतं.

आता जरा आपलं शिकलेलं काढू. जिग्ज अँड फिक्स्चर्समध्ये ३-२-१ चा नियम आपण परीक्षेला तोंडपाठ म्हणतो. वस्तूच्या हालचाली सहा: तीन सरकण्याच्या, तीन फिरण्याच्या. खाली तीन टेकू दिले की वस्तू सपाट बसते, बाजूनं दोन आणि एक टेकू दिले की त्या टेकूंकडे सरकणं-फिरणं थांबतं, आणि बाजूच्या टेकूंऐवजी भोकात बसणाऱ्या दोन खुंट्या घेतल्या की ते सगळ्या बाजूंनी थांबतं. राहिलं काय? फक्त वर उचलली जाणं. आणि तेच तर आपल्याला मोकळं हवंय! स्क्रू मारणारा सगळं बंद करतो, नुसती ठेवणारा सगळं उघडं सोडतो. खुंटीवाला नेमकं हवं तेवढंच बंद करतो.

हे आपल्या घरांत कधीपासून आहे. जातं बघा. खालच्या दगडाच्या मधोमध खीळ, वरच्या दगडाला भोक. वरचा दगड इकडेतिकडे पळत नाही, गरगर फिरतो, आणि झाडायचा झाला की उचलून बाजूला ठेवता येतो. वर धरून ठेवायला त्याचं स्वतःचं वजन पुरतं. ऊसतोडीला जाणाऱ्या बैलगाडीचं जू बघा. शिवळा घातल्या की बैल जुंपलेला, काढल्या की मोकळा. बीड जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला हे सांगायची गरज पडू नये.

विळीची तर गंमतच वेगळी. विळीचं पातं जागेवर असतं आणि भाजी हलते, सुरीत भाजी जागेवर आणि पातं हलतं. थिअरी ऑफ मशीन्सवाल्यांनी याला इन्व्हर्जन म्हणावं, मला हरकत नाही. मुद्दा असा, की विळीच्या पाटावर बाई स्वतः पाय दाबून बसते, त्यामुळे पाट सरकायचा प्रश्नच कधी आला नाही. फळी पक्की करायचं काम तिचं वजनच करायचं. आपण स्वयंपाक ओट्यावर आणि गाड्यावर आणला, माणसाला उभं केलं, पण त्या वजनाच्या जागी दुसरं काही दिलं नाही. हे बोटं कापणं माझ्या मते तिथून सुरू झालं.

आता कुणी म्हणेल, एवढी कटकट कशाला, प्लॅस्टिकची पाटी आणा. आणा की. पण अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लाइव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाकडी आणि प्लॅस्टिक पाट्यांवर मुद्दाम जंतू सोडून बघितले होते, ते काम १९९४ साली छापून आलं. निघाले होते लाकूड वाईट असं गृहीत धरून, आणि दिसलं वेगळंच. लाकडात मुरलेले जंतू वर परत फारसे सापडेनात, उलट सुरीच्या चरे पडलेल्या जुन्या प्लॅस्टिकची पाटी हातानं घासून स्वच्छ करणं अवघड गेलं. याचा अर्थ लाकूड न धुता वापरा असा नाही. लाकूड धुतल्यावर दोन्ही बाजूंनी वाळलं पाहिजे. एकच बाजू वाळली की फळी वाकते, आपल्या मेसमध्ये वाकली तशी. आणि दोन्ही बाजूंनी वाळवायची तर ती निघाली पाहिजे. स्टीलचा पत्रा सुचवणाऱ्यांना एवढंच सांगतो, की त्यावर सुरीची धार दोन दिवस टिकत नाही, आणि बोथट सुरी धारदार सुरीपेक्षा जास्त घसरते.

लाकडाची एक खोड मात्र ओळखून घ्यावी लागते. रेषांच्या दिशेनं ते जवळजवळ बदलत नाही, आडव्या दिशेनं फुगतं-आकसतं. ४५ सेंटिमीटर रुंदीच्या फळीत कोरडा मे आणि ओला ऑगस्ट यांच्यात तीन-चार मिलिमीटरचा फरक सहज पडू शकतो. कंत्राटदाराच्या सहा स्क्रूंनी तो फरक अडवला, म्हणून फळी तडकली. लाकडाशी भांडून स्क्रू जिंकत नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की दोन खुंट्या रुंदीच्या मधोमध, रेषांच्या दिशेनं एकामागे एक घ्याव्यात, म्हणजे दोन्ही कडा हव्या तेवढ्या फुगोत. १० मिलिमीटरचा लोखंडी गज, वरचं टोक गोल घासलेलं, आणि गाड्याच्या दोन आखूड बाजूंना मध्यावर वेल्डिंग. फळीच्या पोटात एक भोक गोल आणि दुसरं थोडं लांबट, म्हणजे आपल्या मापात मिलिमीटरभर चूक झाली तरी फळी बसेल. (चूक होणारच, आपल्या वर्कशॉपचा इतिहास तसा आहे.) भोकं आरपार नकोत.

खुंट्यांनी सरकणं थांबेल, पण फळी उलटण्याचं काय? ६० बाय ४५ ची, ४ सेंटिमीटर जाडीची बाभळीची फळी धरली तर वजन साधारण साडेआठ किलो. सोय म्हणून ती एका टोकाला १५ सेंटिमीटर बाहेर काढली आणि दुसरं टोक गाड्याच्या कडेशी ठेवलं, तर बाहेरच्या टोकावर साडेआठ किलोच्या पुढे दाब पडला की मागची बाजू उठणार. कोबीचा गड्डा कापताना एवढा दाब कुणीही देतो. तेच दोन्हीकडे फक्त ५ सेंटिमीटर बाहेर ठेवली, तर चाळीस किलोच्या वर दाब लागेल. मोमेंट घेऊन बघा, फर्स्ट इयरचं गणित आहे. मग कडी, क्लॅम्प, काही लागत नाही. ज्यांना लांब फळीच हवी त्यांनी मागे ट्रंकेला असते तशी एक कडी लावावी.

सायकलच्या ट्यूबची पट्टी फळीखाली घालायचा जुगाड मला माहीत आहे. कोरडी असेपर्यंत उत्तम चालते. तेल-पाणी गेलं की तीच घसरते आणि तिच्याखाली कुजकं पाणी साठतं. एम-सीलचं नाव काढू नका. चुंबकाची आयडिया सांगणाऱ्या मित्राला एक विनंती, की त्यानं एकदा मेसच्या सांडपाण्यात हात घालून बघावा. आणि गाड्याच्या निदान दोन चाकांना ब्रेक हवेत, नाहीतर फळी पक्की आणि गाडाच पळतोय!

आपण दर वर्षी प्रोजेक्टसाठी विषय शोधतो. सोलर अमुक, ऑटोमॅटिक तमुक. मॉडेल व्हायव्हापुरतं चालतं आणि मग जिन्याखाली धूळ खातं. हे काम दोन गज, चार टाके वेल्डिंग आणि एका दुपारचं आहे, आणि ते रोज दोनदा वापरलं जाईल. सरांनी याला मार्क द्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे, पण नाही दिले तरी करावं. वेल्डिंगचा गज हातात धरण्याआधी मात्र मावशींना विचारा, की फळी किती उंचीवर हवी आणि त्या कोणत्या बाजूला उभ्या राहतात. आपल्या ड्रॉइंगमध्ये माणूस कधीच उभा नसतो. मी विचारलं तेव्हा त्यांनी गाडा चार बोटं खाली हवा असं सांगितलं. हे आजवर कुणी विचारलं नव्हतं, असंही म्हणाल्या.

आणि एक. लांबट भोक ज्या टोकाला असेल त्या कडेवर पटाशीनं एक खाच पाडा, आणि गाड्याच्या त्याच बाजूला लाल रंगाचा ठिपका द्या. धुऊन आणलेली ओली फळी घाईत उलटसुलट लावायची वेळ येऊ नये. सकाळी सहाला मेसमध्ये लाईट असेलच असं नाही, म्हणून खाच बोटाला लागेल एवढी खोल हवी.