वाचनाचा धडा बांधावरच



ऊस नोंदीसाठी वस्त्या फिरताना नेहमी दिसते. चौथीतले पोर पुस्तक घडाघडा वाचते, पण "काय वाचलंस रे?" म्हटले की आढ्याकडे बघते. उगवण झाली, फुटवे नाहीत, असा हा प्रकार.

मागे एका वस्तीवर आजीबाईंना इर्जिकीची हकीकत विचारली. ऐन नांगरटीत शेजाऱ्याचा बैल बसला, तेव्हा भावकीच्या सात-आठ औतांनी एका दिवसात त्याचे रान नांगरून दिले. मजुरी नाही, फक्त पोटभर जेवण. त्या सांगत गेल्या, मी नोंदवहीच्या मागल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहीत गेलो. नातवाने ते अडखळत वाचले, 'इर्जिक'च्या रफारावर तर दोनदा थांबला. पण मध्येच म्हणाला, "आज्जी, मग त्या बैलाचं काय झालं?" माझ्या मते खरे वाचन तिथे सुरू झाले.

इर्जिक, सावड या गोष्टी घरोघर पडून आहेत. १९५०-५१ च्या हंगामात सुरू झालेला प्रवरेचा कारखाना गावोगाव हिंडून गोळा केलेल्या भागांवर उभा राहिला, तीही शेजारधर्माचीच गोष्ट. म्हाताऱ्यांनी सांगावे, थोरल्या बहिणीने लिहावे, धाकट्याने वाचावे. दर अक्षराला टोकू मात्र नका; पोर बुजते.

आणि टोळीबरोबर फडावर आलेली पोरं? हंगामात तीही आपली शेजारीच, अन् शाळा त्यांचीच जास्त बुडते. संध्याकाळी ओसरीवर वही उघडाल तेव्हा कोपीवर हाक मारा.