वर्गणी पगारातून, विश्वास कोठून?

पहाटेच्या लोकलने मीरा-भाईंदरहून मुंबईकडे निघणाऱ्या गर्दीत रेल्वेचे, टपाल खात्याचे आणि इतर सरकारी कार्यालयांचे कितीतरी कर्मचारी असतात. त्यांतील अनेकांच्या वेतनपत्रकावर एक किरकोळ कपात दिसते. ती संघटनेच्या वर्गणीची. रक्कम इतकी लहान, की तिच्याकडे सहसा कुणाचे लक्षही जात नाही. परंतु सरकारने ही वसुली करून द्यावी काय, हा प्रश्न लहान नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने २०११ साली आणि फ्लोरिडाने २०२३ साली बहुतांश सरकारी कर्मचाऱ्यांच्या वेतनातून अशी कपात करण्यास कायद्याने मनाई केली. दोन्ही ठिकाणी पोलीस व अग्निशमन दलाला मात्र वगळले. प्रश्न खरोखरच तत्त्वाचा असता, तर हा अपवाद कशासाठी?

भारताने वेगळी वाट धरली. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात १९८२ साली दुरुस्ती होऊन, कामगाराच्या लेखी संमतीने नोंदणीकृत संघटनेची वर्गणी कापण्यास मुभा मिळाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही अशा कपातीची तरतूद आहे. केंद्र सरकारच्या कार्यालयांत तर या कपातीला आणखी मोठे महत्त्व आहे. १९९३ च्या नियमांनुसार संघटनेला मान्यता हवी असेल, तर त्या संवर्गातील किमान ३५ टक्के कर्मचारी तिचे सभासद असावे लागतात आणि ही मोजणी वेतनातील कपातीवरूनच होते. रेल्वेत मात्र २००७, २०१३ आणि २०२४ साली गुप्त मतदानाने मान्यताप्राप्त संघटना ठरल्या. एकाच डब्यात शेजारी बसणाऱ्या दोघांपैकी एकाची संघटना मतपेटी ठरवते, तर दुसऱ्याची पगारपत्रक.

पगारपत्रकाची ही किल्ली शासनाच्या हाती असते, याचे भान एप्रिल २०२३ मध्ये आले. टपाल खात्याने अखिल भारतीय टपाल कर्मचारी संघटना (गट क) आणि राष्ट्रीय टपाल कर्मचारी महासंघ यांची मान्यता काढून घेतली. शेतकरी आंदोलनाला आणि राजकीय विचारांच्या संस्थांना निधी देऊन नियमभंग केल्याचा ठपका खात्याने ठेवला; संघटनांना तो मान्य नव्हता. सेवा संघटनेने राजकीय निधी बाळगू नये किंवा पक्षाच्या मतांचा प्रचार करू नये, हा नियम योग्यच आहे. सर्व मतांच्या कर्मचाऱ्यांकडून जमलेला पैसा एका पक्षाच्या दारी जाणे हा सभासदांचा विश्वासघात होय. परंतु दोष एका व्यवहाराचा असेल, तर शिक्षा त्या व्यवहाराला व्हावी. वर्गणीची वाटच बुजवली, तर ज्याने प्रामाणिकपणे संमती दिली, त्या सामान्य सभासदाचा आवाज बंद होतो.

संघटनांनीही अंतर्मुख व्हावे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली, तेव्हा तिच्याजवळ ना सभासदांची नोंदवही होती, ना निधी, ना नियमावली. तरीही १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली. ती शक्ती माणसांच्या भेटीगाठींतून आली होती. पूर्वी पगाराच्या दिवशी कार्यकर्ता पावतीपुस्तक घेऊन फिरे आणि वर्गणी घेताना चार तक्रारी ऐकून घेई. कपात आपोआप होऊ लागली आणि ती भेट संपली. पैसा येत राहिला, माणूस दुरावला. शहराची सफाई किंवा बससेवा ज्यांच्या श्रमावर चालते, त्या कंत्राटी कामगारांचा पगार तर ठेकेदाराच्या हाती असतो. वर्गणी कपातीची सोय नाही, म्हणून त्यांच्याकडे कुणी फिरकायचेच नाही काय?

यास्तव कपातीवर सरसकट बंदी नको आणि बेहिशेबी सवलतही नको. संमती लेखी असावी, ती ठरावीक काळाने नव्याने घ्यावी आणि मागे घेण्याची वाट सोपी असावी. जमाखर्च दरवर्षी प्रत्येक सभासदाच्या हाती पडावा. नियमभंगाची चौकशी निःपक्ष व्हावी आणि सत्ता कोणाचीही असो, सर्व संघटनांना एकच माप लागावे. कपातीचा आदेश शासन एका सहीने थांबवू शकते. सभासदाने स्वतःच्या हाताने वर्गणी द्यावी इतका विश्वास ज्या संघटनेने कमावला आहे, तिला त्या सहीचे भय बाळगण्याचे कारण नाही.