सिंधू पाहून आलेल्या बायका

नाटक कसं झालं, हे टाळ्यांवरून कळत नाही. ते कळतं नाटक सुटल्यावर दहा मिनिटांनी, फाटकापाशी. रिक्षा मिळत नसते, कुणाची तरी पिशवी आत राहिलेली असते आणि तोवर गप्प असलेल्या बायका एकदम बोलायला लागतात.

गेल्या महिन्यात पुण्यातल्या एका नाट्यगृहात जुन्या संगीत नाटकांचे प्रयोग होते. आमच्या मंडळाच्या एकवीस जणी ‘एकच प्याला’ला गेलो होतो. त्यात आमच्या सोसायटीतल्या नऊ जणी, मागच्या वस्तीतल्या बचत गटाच्या दहा, शिवाय ऐंशी पार केलेल्या माझ्या सासूबाई आणि कॉलेजात जाणारी माझी लेक. लेक खरं तर आजीचा हात धरायला म्हणून आली होती.

नाटक मीच निवडलं होतं. कारणही सांगून टाकते. बचत गटातल्या दहापैकी सहा घरांत दारू आहे. हप्ता का चुकला, याचं उत्तर बहुतेक वेळा तिथंच सापडतं. व्यसनमुक्तीवर व्याख्यान ठेवलं तर तीन जणी येतात आणि त्यातल्या दोघी पेंगतात. म्हटलं, त्यापेक्षा नाटक दाखवू. गाणी आहेत, विनोद आहे, शिवाय बोधही आहे. थोडक्यात काय, मी शहाणपणाची गोळी गुळातून द्यायला निघाले होते.

‘एकच प्याला’ मला चांगलं माहीत होतं, असा माझा समज होता. बी.ए.ला मराठी होतं. ‘सिंधूचे स्वभावचित्र रेखाटा’ हा प्रश्न मी पाठ करून लिहिला होता. त्यागमूर्ती, आदर्श पतिव्रता, सहनशीलतेचा पुतळा, अशी विशेषणांची माळ ओवली होती. मार्कही छान मिळाले होते.

ज्यांनी नाटक पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सुधाकर हा हुशार पण तापट वकील. कोर्टातल्या अपमानानं पेटलेला असताना तो तळीरामाच्या नादानं एक प्याला घेतो आणि मग तो प्याला त्याला सोडत नाही. वकिली जाते, घर जातं. माहेर श्रीमंत असूनही सिंधू तिथली मदत घेत नाही, दळणं दळून पोर जगवते. शेवटी दारूच्या झिंगेत सुधाकरच्या हातून ते पोरही जातं आणि सिंधूही. मरतामरता ती पोलिसांपुढे नवऱ्याचं नाव येऊ देत नाही. राम गणेश गडकऱ्यांनी लिहिलेलं हे नाटक रंगभूमीवर आलं १९१९ साली, बडोद्याला. गडकऱ्यांनी स्वतः ते रंगमंचावर पाहिलं नाही. त्याच वर्षी २३ जानेवारीला ते गेले होते, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी. त्यातली पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची आहेत आणि पहिली सिंधू होते बालगंधर्व.

आता बायका काय म्हणाल्या, ते ऐका.

सासूबाईंचं म्हणणं, “पदं फारच कापली गं. जरा रंगतंय म्हणेपर्यंत पेटी थांबायची.” त्यांच्या लहानपणी नाटकं रात्र-रात्र चालायची, एकेका पदाला तीन-तीन वन्स मोअर पडायचे. आता तीन तासांत सगळं बसवायचं तर कात्री लागणारच. पण त्यांचं म्हणणंही खोटं नाही. संगीत नाटकात पद म्हणजे कथेला लावलेली झालर नव्हे, ते त्या माणसाचं मन असतं. दोन ओळींत उरकलं तर ते मन कळायचं कसं?

लेक म्हणाली, “पहिला अर्धा तास मला सबटायटल्स हवी होती!” गडकऱ्यांची वाक्यं लांबलचक, अलंकारांनी जडावलेली. तिनं कबूल केलं की ती मध्ये मोबाइल बघणार होती. पण तळीरामाचं मद्यपी मंडळ आलं आणि ती हसून लोळायची बाकी राहिली. नंतर तळीरामाच्या बायकोच्या, म्हणजे फटकळ गीताच्या, ती प्रेमातच पडली. “आई, तुम्हाला परीक्षेत सिंधूवरच प्रश्न का यायचा? गीतावर का नाही?” ह्याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. खरंच, का नाही?

सोसायटीतल्या एक काकू म्हणाल्या, “अशी नाटकं आता कशाला करतात कोण जाणे. इतकी रडकी! नवऱ्यानं एवढं छळल्यावर आजची कुठली बाई राहील?” त्यावर दोघी-तिघींनी माना डोलावल्या. आम्ही असं काही बोलतो, तेव्हा आपल्या फ्लॅटच्या भिंती किती जाड आहेत, हे विसरून बोलतो.

आणि मग बचत गटातल्या एक मावशी बोलल्या. नाव लिहीत नाही, त्यांनी ‘लिवू नका’ म्हटलंय. वय माझ्याएवढंच, सगळ्या त्यांना मावशी म्हणतात म्हणून मीही म्हणते. इतका वेळ त्या चप्पलेचा पट्टा नीट करत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “ताई, मी बी दवाखान्यात असंच सांगितलं होतं. जिन्यावरनं पडले म्हणून.”

कुणी काही बोललं नाही. ‘आजची कुठली बाई राहील’ म्हणणाऱ्या काकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तेवढंच. त्या दवाखान्याच्या वेळी मी मावशींसाठी डबा घेऊन गेले होते. ‘जपून चालत जा हो,’ असं त्यांना सांगूनही आले होते. शंभर वर्षांपूर्वीच्या नाटकातली बाई खोटं का बोलते, हे मला परीक्षेत नीट लिहिता आलं होतं. माझ्या गटातली बाई खोटं बोलते, हे मात्र ओळखता आलं नाही.

नंतर रिक्षात मी त्यांना विचारलं, सिंधूचं वागणं पटलं का? त्या म्हणाल्या, “पटायचं काय त्यात? तिला वाटलं, ह्याला धरून नेलं तर मागं उरलेलं बी जाईल. समद्यांना तसंच वाटतं.” म्हणजे मी ज्याला ‘पातिव्रत्य’ लिहिलं होतं, त्याला मावशी सरळ ‘भीती’ म्हणाल्या. आणि नाटक तर तेच होतं.

मैत्रिणींनो, म्हणून मला म्हणायचंय की जुनी नाटकं व्हायला हवीत. नुसती ‘आपला वारसा’ म्हणून नव्हेत. वारसा म्हटलं की आपण वस्तू काचेच्या कपाटात ठेवतो आणि दिवाळीला पुसतो. जुनं नाटक हवं ते ह्यासाठी की स्वतःच्या घराबद्दल जे बोलता येत नाही, ते सिंधूच्या घराबद्दल बोलता येतं. तिथं आपली बदनामी होत नाही.

वर्षापूर्वी आम्ही देवलांचं ‘संगीत शारदा’ पाहिलं होतं, तेव्हाही हेच झालं. १८९९ सालचं नाटक. म्हाताऱ्याशी लावून दिलं जाणारं कोवळ्या मुलीचं लग्न, हा विषय. लग्नाच्या वयाचा कायदा त्यानंतर तीस वर्षांनी, १९२९ मध्ये झाला. तो शारदेच्या नावावरून ‘शारदा कायदा’ झाला, असं पुष्कळांना वाटतं. खरं म्हणजे तो हरविलास सारडा यांच्या नावावरून ओळखला जातो. नाटक बघताना सोसायटीतल्या आम्ही ‘किती जुना काळ’ म्हणत होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे २२ जणींचं लग्न अठराच्या आत झाल्याचं दिसलं होतं. त्या प्रयोगाला आलेल्या आमच्यातल्या दोघी त्यातल्याच. त्यांना काही तो जुना काळ वाटला नाही.

आता एक प्रसंग सांगते, कारण तो मनातून जात नाही. सुधाकर घरात येतो त्या प्रवेशाला मागच्या रांगेतून आमच्यातली एक जण मोठ्यानं म्हणाली, “ऊठ गं बाई आता, नीघ हितनं!” पुढच्या रांगेतले एक सद्‌गृहस्थ वळले आणि म्हणाले, “अहो, हे नाट्यगृह आहे, घर नाही. शांत बसता येत नसेल तर येऊ नये.” ती बिचारी अंग चोरून बसली ती शेवटपर्यंत.

नाट्यगृहात शांतता हवी, हे मला मान्य आहे. मोबाइल वाजतात, प्लास्टिकच्या पिशव्या कुरकुरतात, लहान मुलं रांगांमधून पळतात, त्यानं नटांचा विरस होतो. पण मी विचार करत बसले. त्याच गृहस्थांनी पहिल्या अंकात खणखणीत आवाजात वन्स मोअर दिला होता. पद आवडलं म्हणून ओरडलेलं चालतं, ती रसिकता. सिंधूची काळजी वाटून बोललेलं मात्र गावंढळपणा? माझ्या मते त्या संध्याकाळी गडकऱ्यांना मिळालेली सगळ्यात मोठी दाद मागच्या रांगेतून आली होती.

तसं पाहिलं तर ह्या रंगभूमीवर बायकांची जागा नेहमी मागेच राहिली. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा पहिला प्रयोग १८८० साली ह्याच पुण्यात, आनंदोद्भव नाट्यगृहात झाला. तेव्हापासून पुढे कितीतरी वर्षं मोठ्या कंपन्यांमधून शकुंतला, सुभद्रा, शारदा, सिंधू ह्या सगळ्या पुरुषच. बालगंधर्वांचं पातळ नेसणं आणि अंबाडा पाहून घरंदाज बायका तसं नेसायला लागल्या, असं आपण कौतुकानं सांगतो. बालगंधर्वांची थोरवी कोण नाकारेल? पण बाईनं कसं दिसावं हेसुद्धा पुरुषानं करून दाखवायचं, आणि बाईचं दुःख पुरुषानं गाऊन दाखवायचं, ह्यातली गंमत आपण लक्षात घ्यायला हरकत नाही. आज सिंधूचं काम बाई करते. तेव्हा प्रेक्षागृहातल्या बाईलाही जरा नीट बसू द्या की!

‘नीट बसू द्या’ हे शब्दशः म्हणतेय. बायकांना जुनी नाटकं आवडत नाहीत, गर्दी होत नाही, असं आयोजक म्हणतात. एकदा बाई होऊन या म्हणावं. प्रयोग साडेआठचा ठेवला तर सुटायला पावणेबारा. त्यानंतर वस्तीपर्यंत बस नाही. तिकीट तीनशे रुपये, म्हणजे धुण्याभांड्यांच्या एका घराच्या महिन्याच्या पगारातला चांगलाच तुकडा. आमच्या मंडळानं अर्धे पैसे घातले म्हणून त्या दहा जणी आल्या. मध्यंतर पंधरा मिनिटांचं आणि बायकांच्या स्वच्छतागृहापुढे रांग तीसचाळीस जणींची. त्यातलं एक बंद, दुसऱ्याची कडी तुटलेली. सासूबाई रांगेतून परत आल्या तेव्हा पुढच्या अंकाचं पहिलं पद संपलं होतं. जिन्याला कठडा एकाच बाजूला. आणि ह्या सगळ्याच्या आधी, घरून निघताना कुकर लावून, खिचडी झाकून, ‘दूध तापवून ठेवलंय’ असं चारदा सांगून यायचं, ते वेगळंच.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. जुन्या नाटकांचा महिन्यातून एक तरी प्रयोग दुपारी चारचा ठेवा. बचत गटांसाठी, मोलकरणींसाठी, शाळा-कॉलेजच्या मुलींसाठी मागच्या काही रांगा स्वस्तात द्या, नाही तरी त्या रिकाम्याच असतात. मध्यंतर वीस मिनिटांचं करा आणि कड्या बसवा. आणि ‘एकच प्याला’सारखा प्रयोग असेल तेव्हा बाहेर, बटाटेवड्याच्या स्टॉलशेजारी, एक फलक लावा. घरात मारहाण होत असेल तर महिला मदतवाहिनीचा नंबर १८१ आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ सालचा कायदा आहे. त्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. एवढ्या चार ओळी. सिंधूला ह्यातलं काही नव्हतं, तिला पाहायला आलेल्या बाईला आहे. पण ते तिला कुणी सांगायला नको का?

नाटक बदलू नका, एवढीही विनंती आहे. शेवट बदलून सिंधूला ताडकन उठवावं, असं आमच्यातल्या एकीनं सुचवलं. मला नाही पटलं. गडकऱ्यांनी जे लिहिलं ते तसंच दिसू दे. उठायचं काम प्रेक्षागृहातल्या बाईचं आहे.

मावशींचं पुढे काय झालं, असं तुम्ही विचाराल. एकदम काही झालेलं नाही, नाटकासारखं घडत नसतं. पण मागच्या गुरुवारी त्या हप्ता भरायला आल्या, तेव्हा सगळ्या जाईपर्यंत थांबल्या. मग पदराच्या गाठीतून घडी घातलेला दवाखान्याचा जुना कागद काढला. म्हणाल्या, “ताई, ह्याच्यावर ‘पडून लागलं’ लिवलंय. हे आता बदलून मिळतं का, कुठं विचारायचं?” सोमवारी आम्ही दोघी संरक्षण अधिकाऱ्यांच्या ऑफिसात जाणार आहोत. काम होईलच असं नाही, फेऱ्या घालाव्या लागतील.

लेकीला म्हटलं, माझी ती बी.ए.ची उत्तरपत्रिका कुठे असती तर परत मागवून घेतली असती. ती म्हणाली, “मग लिही ना आता.” म्हणून हे लिहिलं. मार्क तुम्ही द्यायचे.