आधी तेल पाहू या!

मागील सुट्टीत बेळगावातील एका गॅरेजात मी जमाखर्च लिहीत होतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स नव्याने बांधून दिलेली एक मोटार परत आली. गिअर कधी उशिरा पडे, कधी गचका बसे. "पुन्हा खोला!" मालक गरजले आणि बॉक्स बांधणाऱ्या पोराचा हिशेब चुकता करायला मला सांगितले. म्हातारे मिस्त्री एवढेच म्हणाले, "मोदलु आइल नोडोण." आधी तेल पाहू या!

तेल दीड लिटर कमी निघाले. रिकामा टॉर्क कन्व्हर्टर भरताना पातळी उतरते. पुन्हा तेल घालायचे राहून गेले होते. तेल कमी पडले की पंप हवा ओढतो, दाब घटतो, क्लच घसरतात. जादा झाले तरी घुसळून फेस होतोच. तेलानंतर वायरींचे जोड पाहावेत. नव्या गाड्यांच्या संगणकात झिजलेल्या क्लचचे जुने माप राहते, ते पुसावे. पेटी खोलणे सर्वांत शेवटी.

आपण वाणिज्याचे विद्यार्थी तेरीज जुळेना म्हणून खातेवही फाडत नाही. आधी बेरीज तपासतो. मग माणसाच्या पोटावर पाय देण्यापूर्वी तेवढाही धीर आपल्याजवळ नसावा?