लॉसलेसचा बिल्ला आणि शिमग्याचा ढोल

रत्नागिरीत प्रोग्रेसिव्ह मेटल ऐकणारे आम्ही मोजकेच. तरी त्यातही जात आहेच: लॉसलेसवाले आणि बाकीचे. साधा इअरफोन दिसला की ‘तुला काय कळणार’ म्हणायचं. मीही म्हणायचो. पैसे साठवून डॅक घेतला आणि तोंडावर पडलो. जे अल्बम सपाट वाटायचे, ते तसेच सपाट राहिले.

स्कायहार्बरच घ्या. केशव धरने घरच्या स्टुडिओत सुरू केलेलं काम, पुढे मुंबईचे वादक आले आणि बँड उभा राहिला. २०१२ चा ‘ब्लाइंडिंग व्हाइट नॉइज’ दोन भागांत आहे. ‘इल्युजन’मध्ये डॅनियल टॉम्पकिन्स गातो, ‘केऑस’मध्ये ‘भयानक मौत’चा सुनीथ रेवणकर ओरडतो. मजा येते, पण माझे कान लवकर थकतात. २०१४ चा ‘गायडिंग लाइट्स’ मात्र थांबतो, श्वास घेतो, म्हणून त्याचा घाव बसतो. २०१८ चा ‘सनशाइन डस्ट’ मला या दोघांच्या मधे वाटतो. फोन तोच, ॲप तेच, इअरफोन तोच. मग फरक कशाचा? संगीतरचनेचा, मिक्सिंगचा आणि मास्टरिंगचा.

मास्टरिंगमध्ये हळू आवाज वर ओढला आणि उंच टोकं छाटली, की लॉसलेस फाइल ते छाटलेलंच इमानदारीने पोचवते. २००८ मध्ये मेटॅलिकाच्या ‘डेथ मॅग्नेटिक’वरून चाहते याच कारणासाठी चिडले होते. ‘गिटार हिरो’ या गेममधली तीच गाणी त्यांना जास्त मोकळी वाटली. आणि ब्लूटूथवर ऐकत असाल, तर तुमची लॉसलेस फाइल बहुतेक वेळा वाटेतच पुन्हा दाबली जाते. बिल्ला तेवढा स्क्रीनवर उरतो.

‘मेटल मोठ्यानेच वाजायला हवं,’ असं म्हणणाऱ्यांनी शिमग्याचा ढोल आठवावा. तो दबतो, थांबतो, मग अशी थाप पडते की छातीत घुमते. डीजेच्या भिंतीपुढे फक्त कान बधिर होतात. आवाज वाढवायचं बटण आपल्या हातात आहे. छाटलेली शांतता परत आणायचं बटण कुणाकडेच नाही. शिवाय स्पॉटिफाय गाणी साधारण −१४ एलयूएफएसला आणून ठेवतं. म्हणजे स्टुडिओत केलेला आरडाओरडा तिथे फुकटच जातो.

तेव्हा दर्जाची मागणी बँडकडे आणि मास्टरिंग करणाऱ्याकडे करा, मित्राच्या खिशाकडे नको. आज रात्री फोन फ्लाइट मोडवर टाका, वायरचा साधा इअरफोन लावा आणि ‘गायडिंग लाइट्स’ पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका. कळायला तेवढं पुरतं.