कोरोना किंवा फ्लूमुळे फुफ्फुसाचा कॅन्सर होतो का?

कोरोना होऊन गेला, पण खोकला जात नाही. याचं पुढे कॅन्सरमध्ये रूपांतर होईल का, ही भीती अनेकांच्या मनात असते. जालन्यासारख्या स्टील कारखान्यांच्या शहरात तर ती जास्तच. संशोधन काय सांगतं?

विषाणूमुळे कॅन्सर होतो?

काही विषाणूंमुळे होतो. एचपीव्हीमुळे गर्भाशयमुखाचा, तर हिपॅटायटिस बी आणि सीमुळे यकृताचा कॅन्सर होऊ शकतो, हे सिद्ध झालं आहे. हे विषाणू वर्षानुवर्षं शरीरात ठाण मांडून बसतात. फ्लू आणि कोरोनाचे विषाणू बहुतेकांच्या शरीरातून काही आठवड्यांत निघून जातात. त्यांच्यामुळे फुफ्फुसाचा कॅन्सर होतो, हे सिद्ध झालेलं नाही.

मग चर्चा कशामुळे?

जुलै २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत एक संशोधन प्रसिद्ध झालं. उंदरांच्या फुफ्फुसात स्तनाच्या कॅन्सरच्या काही पेशी सुप्त पडून होत्या. फ्लू किंवा कोरोनाचा संसर्ग होताच त्या जाग्या होऊन वाढू लागल्या. संसर्गाशी लढताना शरीरात तयार होणारं आयएल-६ हे प्रथिन त्यामागे होतं. स्तनाचा कॅन्सर झालेल्या रुग्णांच्या नोंदींतही, कोरोनानंतर तो फुफ्फुसात पसरण्याचा धोका सुमारे दीडपट दिसला.

म्हणजे इथे विषाणूने नवा कॅन्सर निर्माण केला नाही, आधीचा जागा केला. त्यामुळे कॅन्सरमधून बरे झालेल्यांनी फ्लू आणि कोरोनाच्या लशीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं.

जालन्यात जास्त काळजी कशाची?

विडी-सिगारेट, चुलीचा धूर आणि हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१३ मध्ये प्रदूषित हवेला कॅन्सरकारक ठरवलं. हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरांसाठीच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात जालन्याचं नाव आहे.

तपासणी कधी करावी?

खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, थुंकीतून रक्त आलं किंवा वजन घटलं, तर लगेच. ही लक्षणं टीबीचीही असतात आणि सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते. टीबीच्या गोळ्या घेऊनही फरक पडत नसेल, तर पुढच्या तपासण्यांसाठी आग्रह धरावा. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. 'कोरोनानंतरचा खोकला आहे' म्हणत दुखणं अंगावर काढणं, हाच यातला मोठा धोका.