पुस्तकाची सूत्रं मुलाच्या हाती

दीड-दोन वर्षांच्या मुलाला ‘पुस्तकांची आवडच नाही’ असा निकाल कितीतरी घरांत फार लवकर लागतो. आई किंवा बाबा पहिली ओळ वाचतात, तोवर मूल तीन पानं पुढे गेलेलं असतं. मग ते मागे येतं, कुत्र्याच्या चित्रावर बोट आपटतं, पुस्तकाचा कोपरा तोंडात घालतं आणि मांडीवरून उतरून चालायला लागतं. वाचणाऱ्याला वाटतं, हे ऐकतच नाही. खरं तर पान उलटणं, बोट दाखवणं, ‘भू भू’ म्हणणं, मध्येच उठून जाऊन पुन्हा येणं हेच या वयाचं वाचन आहे. एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं गप्प बसून ऐकायचं ही वर्गातली रीत आपण घरातल्या मांडीवर आणली आणि दोन वर्षांच्या जिवाला ती पेलत नाही. म्हणून मुलाला वाचून दाखवण्याची गोडी लावायची असेल, तर मजकूर संपवण्याचा आग्रह आधी मोठ्यांनी सोडायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

हे मत निव्वळ लाडापोटी आलेलं नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. साधारण पावणेदोन ते तीन वर्षांच्या मुलांचे पालक त्यांनी दोन गटांत विभागले. पुस्तकं दोन्ही घरांत वाचली जात होती. फरक एवढाच की एका गटातल्या पालकांना वाचण्याची पद्धत बदलायला शिकवलं होतं. चित्राबद्दल मोकळा प्रश्न विचारायचा, मूल जे बोलेल ते उचलून त्यात एखाद-दुसरा शब्द घालायचा आणि हळूहळू बोलण्याचं काम त्याच्याकडे सोपवायचं. महिनाभरानं या गटातली मुलं बोलण्याच्या चाचण्यांत स्पष्टपणे पुढे होती आणि नऊ महिन्यांनंतरही फरक पुरता पुसला गेला नव्हता. प्रयोग लहान होता, घरंही खाऊन-पिऊन सुखी होती, त्यामुळे त्या एकट्यावर भिस्त ठेवू नये, हे मान्य. पण पुढे 1992 मध्ये मेक्सिकोतल्या एका पाळणाघरात, गरीब घरांतल्या दोन वर्षांच्या मुलांबरोबर हीच पद्धत वापरून पाहिली गेली, तेव्हाही मुलांच्या भाषेला तिचा लाभ झाला. पुस्तक किती वाचलं यापेक्षा त्यावर मूल किती बोललं याला वजन आहे, असा याचा अर्थ मी लावतो.

मराठी घरांना हे परकं वाटू नये. चिऊ-काऊची गोष्ट कशी सांगतात ते आठवा. कावळा दार वाजवतो, चिमणी आतून काहीतरी कारण सांगते, कावळा पुन्हा दार वाजवतो. तिसऱ्या वेळेला सांगणारा मुद्दाम थांबतो आणि चिमणीचं वाक्य मूलच म्हणून टाकतं. म्हातारी आणि भोपळ्याच्या गोष्टीतही वाघ, कोल्हा असे एकामागून एक भेटत जातात, बोलणं मात्र तेच राहतं. बोबडं बोलणाऱ्याला गोष्टीत शिरायला जागा मिळावी म्हणूनच जणू या गोष्टी घडल्या आहेत. ज्यांनी त्या पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या त्यांना कुणी पद्धत शिकवली नव्हती. मूल कुठे खुलतं ते पाहत त्या सांगत गेल्या. पुस्तक हाती आलं की हेच शहाणपण कुठे जातं, हा खरा प्रश्न आहे. छापलेली ओळ दिसली की आपण ती तशीच्या तशी, एकदाच आणि शेवटपर्यंत वाचायला लागतो. मुलानं तीच गोष्ट पुन्हा मागितली की कंटाळून दुसरं पुस्तक पुढे करतो. हा कंटाळा मुलाला महागात पडतो. ससेक्स विद्यापीठातल्या जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये तीन वर्षांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात काही मुलांना त्याच गोष्टी पुन:पुन्हा वाचून दाखवल्या, तर काहींना दर वेळी वेगळ्या. नवे शब्द दोन्हीकडे सारख्याच वेळा कानावर पडले होते, तरी ते चांगले लक्षात राहिले ते त्याच गोष्टी ऐकणाऱ्यांच्या. गोष्ट ओळखीची झाली की मुलाचं लक्ष तिच्यातल्या अनोळखी शब्दाकडे वळायला मोकळं होतं.

यावर कुणी म्हणेल, सांगण्यातच एवढी ताकद असेल तर पुस्तक हवं कशाला? आजीच्या गोष्टी पुरेत. आजी घरात असेल, तिला गोष्टी येत असतील आणि तिला उसंत असेल, तर त्या जरूर सांगाव्यात. पुस्तकानं त्यांची जागा घेऊ नये. पण दोन खोल्यांच्या घरात तिघंच राहतात तिथे आजी गावी असते, आणि आईबाबांच्या तोंडी गोष्टी उरलेल्या नसतात. त्यांना आधार पुस्तकाचाच. शिवाय रोजचं बोलणं आपल्या कामापुरतं असतं: जेव, झोप, चप्पल घाल, पडशील. 2015 मध्ये जेसिका मॉन्टॅग आणि सहकाऱ्यांनी इंग्रजीतली शंभर चित्रपुस्तकं मुलांशी होणाऱ्या बोलण्याशी ताडून पाहिली. वेगवेगळ्या शब्दांचं वैविध्य पुस्तकांत जास्त निघालं. मराठीत चित्र वेगळं असेल असं मानायला मला कारण दिसत नाही. नाशिकच्या फ्लॅटमध्ये होडीचं वल्हं, सुगरणीचा खोपा किंवा कुंभाराचं चाक यांबद्दल बोलायचं निमित्त एरवी येणार कुठून?

मोबाइलवर हेच सगळं हलत्या चित्रांसह मिळतं, असंही सांगितलं जातं. मिशिगनमध्ये टिफनी मुन्झर आणि सहकाऱ्यांनी 37 पालक आणि त्यांच्या लहानग्यांना छापील आणि पडद्यावरची अशी दोन्ही प्रकारची पुस्तकं एकत्र वाचताना पाहिलं. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पडद्यासमोर दोघांमधलं पुस्तकाबद्दलचं बोलणं कमी झालेलं आढळलं. आणि बोलणं हाच या वाचनाचा गाभा असेल, तर हे नुकसान साधं नाही.

मात्र ‘बोलतं करा’ म्हटलं की आपल्याकडे एक धोका लगेच उभा राहतो. आपण परीक्षा घेऊ लागतो. ‘हे काय आहे? सांग बघू. रंग कोणता? इंग्लिशमध्ये काय म्हणतात?’ पाहुण्यांसमोर तर हा कार्यक्रम रंगतोच. उत्तर आलं तर शाबासकी, चुकलं तर दुरुस्ती. मूल दोन दिवसांत ओळखतं की पुस्तक उघडलं की आपल्याला तपासलं जातं, आणि ते पाठ फिरवतं. त्यापेक्षा त्यानं बोट ठेवलं तिथे आपण थांबावं. ते ‘माऊ’ म्हणालं, तर ‘हो, माऊ झोपलीय पायरीवर’ एवढं म्हणून गप्प राहावं. त्याला पुढे काही म्हणायला वेळ लागतो. तो आपण देत नाही. आणि हे बोलणं घरातल्या भाषेत व्हावं. छापील मराठी प्रमाण असली तरी चित्राबद्दल अहिराणीत, मालवणीत, वारलीत किंवा कोरकूत बोलायला कुणाची आडकाठी आहे? शाळेच्या धसक्यानं दोन वर्षांच्या मुलाशी मोडक्या इंग्रजीत बोलणारे पालक त्याच्यापासून आपली सर्वांत समृद्ध भाषा दूर ठेवतात. मला हे फार लागतं.

ज्यांना स्वतःलाच नीट वाचता येत नाही, त्यांचं काय, हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. वाचन म्हणजे अचूक उच्चार असं मानलं तर या पालकांना दार बंद होतं. चित्रावर बोलणं असं मानलं, तर ज्या मावशीनं शाळेचं तोंड पाहिलं नाही तीही बैलगाडीच्या चित्रावर कोणत्याही पदवीधरापेक्षा जास्त सांगू शकेल. वेळेचा आक्षेप त्यामानानं हलका आहे. दिवसातून पाच-दहा मिनिटं, तीही सलग नकोत. शिस्तीचं म्हणाल तर एका जागी बसणं वयानुसार येतंच. ते येईपर्यंत पुस्तक नावडतं होऊन बसलं, तर बसण्याचा उपयोग काय?

उरतात ती पुस्तकं. ज्योत्स्ना प्रकाशनानं काढलेल्या माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’सारख्या मालिका मराठीत आहेत, प्रथम बुक्सची स्वस्त पुस्तकं आहेत. तरी चावली, ओढली तरी टिकतील अशी जाड पुठ्ठ्याची मराठी पुस्तकं इंग्रजीच्या मानानं फारच थोडी, आणि ज्या घरांना त्यांची गरज जास्त तिथवर ती पोचत नाहीत. इंग्लंडमध्ये 1992 साली बर्मिंगहॅमला ‘बुकस्टार्ट’ सुरू झालं ते तीनशे कुटुंबांच्या बाळांना पुस्तकं देऊन. अमेरिकेत 1989 पासून बोस्टनच्या डॉक्टरांनी तपासणीला आलेल्या मुलांच्या हाती पुस्तक द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे तर जाळं 1975 पासून, एकात्मिक बालविकास योजनेच्या रूपानं विणलेलं आहे. महाराष्ट्रात लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. पण अंगणवाडीत रोज येऊन बसतात ती तीन ते सहा वयाची मुलं. त्याहून लहानांना मिळतो घरपोच आहार, लसी, वजनाची नोंद. नवव्या महिन्याला आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाच्या लसीसाठी आई मुलाला घेऊन येतेच. त्या दोन वेळांना एकेक पुस्तक तिच्या हाती द्यावं आणि सेविकेनं तिथेच दोन मिनिटं चित्रावर बोलून दाखवावं. केंद्रानं 2024 मध्ये जन्म ते तीन वयासाठी ‘नवचेतना’ हा आराखडा आणलाच आहे. त्याला पुस्तकाची जोड मिळाली तर तो घरात शिरेल. ही पुस्तकं घरी न्यायची, घरीच ठेवायची असावीत. अंगणवाडीसाठी म्हणून जी पुस्तकं येतील ती साहित्याच्या नोंदवहीत चढवताना दर वर्षी काही फाटणार हे धरूनच चढवावीत आणि त्यांचा जाब सेविकेला विचारू नये. नाहीतर जबाबदारीच्या भीतीनं ती कपाटात कुलूपबंद होतील आणि ज्यांच्यासाठी आणली त्यांचा हात त्यांना लागणारच नाही.